गिळण्याचे विकार, बोट्युलिनम विष आणि मराठी परिभाषा

वैद्यकीय परिभाषेचा प्रश्न मराठीत बहुधा कोशकाराचा प्रश्न म्हणून हाताळला गेला आहे. परकीय संज्ञेला योग्य संस्कृतोद्भव प्रतिशब्द सापडला की कार्य संपले, अशी समजूत त्यामागे दिसते. ती अभ्यासकाच्या दृष्टीने क्षम्य असली तरी रुग्णाच्या दृष्टीने अपुरी आहे. वैद्यकातील शब्द ग्रंथात राहत नाही. तो संमतिपत्रावर येतो, घरातील माणसांच्या तोंडी जातो आणि त्यावरून एखाद्याच्या शरीरात सुई टोचावयाची की नाही हे ठरते. गिळण्याच्या विकारांवर दिले जाणारे बोट्युलिनम विषाचे इंजेक्शन हे ह्या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे उदाहरण आहे. ह्या उपचारात शब्दाची चूक आणि जागेची चूक एकमेकींच्या फार जवळ येतात, आणि जागेची चूक रुग्णाला महाग पडते.

हा प्रश्न वसई-विरारच्या संदर्भात पाहणे विशेष उद्बोधक ठरेल. २००९ साली महानगरपालिका झालेल्या आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेल्या ह्या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर होती. सामवेदी समाजाची कादोडी, वाडवळी, आगरी, कोळी, वारली अशा बोली येथे शेजारीशेजारी नांदतात, आणि त्यांच्यावर प्रमाण मराठी, गुजराती व हिंदी ह्यांचे थर चढलेले आहेत. शल्यवैद्याची भाषा, परिचारिकेची भाषा आणि रुग्णाच्या आजीची भाषा येथे एकच असेल असे गृहीत धरता येत नाही. परिभाषेची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते.

१

प्रथम ह्या द्रव्याचा इतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे. कारण नावाचा वाद त्या इतिहासातच रुजलेला आहे. जर्मनीतील वाइन्सबेर्ग येथील वैद्यकीय अधिकारी युस्टिनुस केर्नर ह्यांनी बिघडलेल्या मांसाच्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचा पद्धतशीर अभ्यास केला. १८२० साली त्यांनी शहात्तर रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि १८२२ च्या ग्रंथात ही संख्या एकशे पंचावन्नवर नेली. केर्नर हे त्यांच्या भाषेतील मान्यवर कवीही होते. बाहुल्यांचे विस्फारणे, तोंडास पडणारी कोरड, आणि घास खाली न उतरणे ही लक्षणे त्यांनी ज्या बारकाईने नोंदवली, ती आजही वाचकास थक्क करते. मज्जातंतूंची चेतना जेथे प्रमाणाबाहेर वाढलेली असते, तेथे हेच विष अल्प मात्रेत औषध ठरू शकेल, असेही त्यांनी सुचवले होते.

१८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधील एलझेल गावी एका अंत्ययात्रेस वाजवावयास आलेल्या वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले. त्यांतील अनेक आजारी पडले व तिघे दगावले. ह्या घटनेच्या तपासातून एमिल व्हान एर्मेंगेम ह्यांनी विष निर्माण करणारा जंतू शोधून काढला, आणि सॉसेजच्या लॅटिन नावावरून त्याचे नामकरण झाले. पुढे सॅन फ्रान्सिस्को येथील अॅलन स्कॉट ह्यांनी तिरळेपणावर ह्या विषाचा वापर करून १९८० साली आपले निष्कर्ष मांडले, आणि १९८९ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने नेत्रविकारांसाठी त्यास मान्यता दिली. सुरकुत्या घालविणारे द्रव्य म्हणून त्याची कीर्ती झाली ती ह्यानंतर.

विषाचे कार्य समजण्यास कठीण नाही. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य स्रवते आणि त्याच्या आज्ञेने स्नायू आकुंचन पावतो. 'अ' प्रकारचे बोट्युलिनम विष मज्जातंतूत शिरून ह्या स्रावास आवश्यक असलेले एक प्रथिन तोडते. आज्ञाच न पोहोचल्याने स्नायू दुर्बळ होतो. काही महिन्यांत मज्जातंतू आपले कार्य पुन्हा सुरू करतो आणि स्नायूस पूर्वीचे बळ येते. म्हणजेच ह्या उपचारात रोगाचे मूळ नाहीसे होत नाही. एका स्नायूस काही काळापुरते मुद्दाम दुर्बळ केले जाते, एवढेच घडते. 'स्नायू सैल करणारे इंजेक्शन' हा मराठीत सहज सुचणारा शब्दप्रयोग ह्यामुळेच सदोष होय. 'सैल' ह्या शब्दात सुखाची छटा आहे. 'दुर्बळ' ह्या शब्दात धोक्याची सूचना आहे. संमती देणाऱ्यास ह्या दोहोंपैकी दुसरी अधिक उपयोगी आहे.

२

दुर्बळ करावयाचे ते कोणत्या स्नायूस, हा यापुढचा आणि खरा प्रश्न. घास तोंडातून जठरापर्यंत जाण्याच्या मार्गावर दोन दारे आहेत. पहिले घशाच्या तळाशी, जेथे अन्ननलिका सुरू होते. दुसरे अन्ननलिकेच्या अखेरीस, जठराच्या तोंडाशी. लोकप्रिय लेखनात ह्या दोहोंस 'झडप' म्हणण्याचा प्रघात आहे. झडप ही ढकलली की उघडते. ही दारे तशी नाहीत. बटव्याच्या तोंडास नाडी असावी तसा स्नायूचा वेढा तेथे असतो. तो एरवी आवळलेला राहतो आणि गिळतेवेळी सैल पडतो. वरच्या दाराचे उघडणे केवळ नाडी सैल होण्यावरही अवलंबून नसते. गिळताना स्वरयंत्र वर व पुढे उचलले जाते आणि त्या ओढीने दार उघडते. स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळला असता ही हालचाल कोणासही जाणवेल.

ह्यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पक्षाघातानंतर अथवा कंपवातात घास वरच्या दाराशी अडत असेल, तर त्याची कारणे किमान दोन असू शकतात. एक, नाडीच सैल पडत नाही. दोन, नाडी सैल पडते, पण घशाचे स्नायू दुर्बळ झाल्यामुळे स्वरयंत्र पुरेसे उचलले जात नाही किंवा घास पुढे ढकलला जात नाही. पहिल्या स्थितीत विषाच्या इंजेक्शनाने गुण येण्याचा संभव आहे. दुसऱ्या स्थितीत त्याचा लाभ होण्याची आशा थोडी. उलट, विष शेजारच्या आधीच दुर्बळ असलेल्या स्नायूंत पसरले तर जे काही गिळणे उरले आहे तेही बिघडावयाचे. हा भेद बाहेरून पाहून कळत नाही. त्यासाठी क्ष-किरणांखाली गिळण्याचे चलच्चित्र घ्यावे लागते, किंवा नळीने दाब मोजावा लागतो.

खालच्या दाराची कथा निराळी आहे. 'अॅकॅलेशिया' नावाच्या विकारात अन्ननलिकेच्या भिंतीतील मज्जापेशी नष्ट होतात आणि खालचे दार वेळेवर सैल पडत नाही. हा विकार विरळ आहे. दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे एक नवा रुग्ण, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. ह्यावर विषाचा प्रयोग करणाऱ्यांत पंकज जय पसरिचा ह्या भारतीय वंशाच्या वैद्याचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जॉन्स हॉपकिन्स येथे एकवीस रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील एकोणीस रुग्णांना आरंभी गुण आला. सहा महिन्यांनंतर चौदा रुग्णांचा गुण टिकून होता. हा वृत्तांत शास्त्रीय गद्याचा चांगला नमुना आहे. पहिल्या यशाबरोबरच उताराची संख्याही त्यात उघडपणे दिली आहे, आणि उपचाराचे सारे स्वरूप ह्या दोन संख्यांमधील अंतरात सामावलेले आहे.

पुढील काळाने त्या अंतराचा अर्थ अधिक स्पष्ट केला. फुग्याने खालचे दार ताणण्याच्या पद्धतीशी विषाच्या इंजेक्शनाची तुलना करणाऱ्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला असता, पहिल्या महिन्यात दोहोंत लक्षणीय फरक दिसला नाही. सहा व बारा महिन्यांनी मात्र फुग्याची पद्धत सरस ठरली. एर्न्स्ट हेलर ह्यांनी १९१३ साली सुरू केलेली स्नायुछेदाची शस्त्रक्रिया आणि हारुहिरो इनोउए ह्यांनी २००८ साली जपानमध्ये प्रथम केलेली, तोंडावाटे दुर्बीण घालून स्नायू छेदण्याची पद्धत, हेही टिकाऊ पर्याय आहेत. परिणामी वय, हृदयविकार किंवा अन्य कारणांमुळे ज्यांना हे उपाय सोसणार नाहीत अशांसाठीच विषाचे इंजेक्शन राखून ठेवावे, असा आजच्या मार्गदर्शक तत्त्वांचा कल आहे.

वरच्या दाराबाबत तर पुरावा याहूनही तोकडा आहे. १९९४ साली श्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यानंतर असे लहान वृत्तांत पुष्कळ आले. परंतु मज्जासंस्थेच्या विकारांमुळे वरचे दार न उघडणाऱ्या रुग्णांविषयी २०१४ साली जो पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला, त्यास निकषांत बसणारा एकही यादृच्छिक नियंत्रित प्रयोग तोवर आढळला नाही. पुरावा नसणे म्हणजे उपचार निष्फळ ठरणे नव्हे, हे खरे. तथापि 'सिद्ध' आणि 'संभाव्य' ह्या दोन शब्दांतील सीमा पुसून टाकण्याचा अधिकार कोणत्याही भाषेतील लेखकास नाही.

३

आता मराठी परिभाषेकडे वळावे. मराठी विश्वकोशाने घशाच्या पोकळीस 'ग्रसनी' आणि अन्ननलिकेस 'ग्रसिका' अशा संज्ञा योजल्या आहेत. दोन्ही 'ग्रस्' ह्या धातूपासून आलेल्या, व्याकरणशुद्ध आणि अखिल भारतीय व्यवहारास सोयीच्या आहेत. त्यांच्या रचनेवर आक्षेप घेण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्यांच्या जवळिकीवर. ज्या दोन स्थानांचा घोटाळा होता कामा नये, त्यांचीच नावे थोड्याशाच अंतरावर उभी आहेत. कोशात ती निरनिराळ्या पानांवर सुखाने राहतात. पण कानाने ऐकणाऱ्या, आणि प्रमाण मराठी ही ज्याची घरची बोली नाही अशा रुग्णास त्यांतील भेद राखणे दुष्कर आहे. वरच्या दाराचे इंजेक्शन आणि खालच्या दाराचे इंजेक्शन हे दोन भिन्न उपचार आहेत. त्यांचे रोग वेगळे, धोके वेगळे आणि पुराव्याचे बळही वेगळे.

ह्याच्या उलट बोलती मराठी ह्या बाबतीत कमालीची समृद्ध आहे. घास तोंडातच फिरत राहतो, पाणी नाकातून येते, ठसका लागतो, घास घशाशी अडतो, छातीत अडकतो, खाल्लेले तसेच परत येते, काही न खाताही घशात गोळा असल्यासारखे वाटते. ही सात वाक्ये म्हणजे अशिक्षित माणसाची अस्पष्ट तक्रार नव्हे. गिळण्याच्या मार्गावरील निरनिराळ्या मुक्कामांची ती जवळजवळ क्रमवार नोंद आहे. पहिल्या वाक्याचा रोख तोंडातील अवस्थेकडे आहे, दुसऱ्याचा टाळूकडे, तिसऱ्याचा श्वासमार्गाकडे, पुढील तिघांचा दोन दारांकडे व त्यांमधील नळीकडे. शेवटच्या वाक्यात तर गिळण्यातील अडथळा आणि अडथळ्याचा नुसता भास ह्यांतील भेदही आला आहे. ह्या सर्वांचे 'गिळण्यास त्रास' असे एकच भाषांतर केले की रुग्णाने दिलेली माहिती परिभाषेने गमावलेली असते.

'भाकरीला अडते की पाण्यालाही?' हा घरगुती प्रश्नही असाच मोलाचा आहे. आधी भाकरी, मग भात, मग पेज अशा क्रमाने अडथळा वाढत गेला तर नळी आतून अरुंद होत असल्याचा, कर्करोगाचाही, संशय घ्यावा लागतो. घन व द्रव दोन्ही आरंभापासून अडत असतील तर नळीच्या हालचालीच्या विकाराकडे लक्ष जाते. कर्करोग क्वचित अॅकॅलेशियाचे सोंगही घेतो. म्हणून दुर्बिणीने पाहिल्यावाचून विषाचे इंजेक्शन देणे योग्य नव्हे.

परंतु बोलीचे हे वैभव मान्य करताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अन्यथा परिभाषेच्या भाबड्या भक्तीऐवजी बोलीची भाबडी भक्ती पदरी यावयाची. पहिली मर्यादा शरीराचीच आहे. खालच्या दाराशी असलेला अडथळा रुग्णास पुष्कळदा गळ्याशी जाणवतो. त्यामुळे 'घशाशी अडते' ह्या वाक्यावरून जागा निश्चित करता येत नाही. दुसरी मर्यादा ठसक्याची. ठसका लागला नाही म्हणजे घास नीट गेला असे सर्वसामान्यतः समजले जाते. पक्षाघाताच्या व कंपवाताच्या काही रुग्णांत मात्र अन्न वा पाणी ठसका न लागताच श्वासमार्गात उतरते, आणि पुढे न्यूमोनिया झाल्यावर ते ध्यानात येते.

तिसरी मर्यादा सर्वांत खोल आहे आणि ती वाक्प्रचारांत दडलेली आहे. मराठी माणूस राग गिळतो, अपमान गिळतो, आवंढा गिळतो, बोलताना शब्द गिळतो. दुःखात त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. ह्या सर्व प्रयोगांत गिळणे ही मनाची क्रिया आहे. मनाने ठरविले की गिळावे, मन मोडले की गिळवत नाही. प्रत्यक्षात घास जिभेच्या मागे गेल्यानंतरचे सारे कार्य इच्छेच्या ताब्याबाहेर घडते. भाषेने दिलेल्या ह्या समजुतीमुळे न जेवणाऱ्या वृद्धाचे दुखणे हट्ट किंवा उदासी ठरते. त्यास आग्रह केला जातो. अडलेला घास उतरावा म्हणून पाण्याचा पेला ओठांशी धरला जातो. वास्तविक ज्याच्या गिळण्याचा ताल बिघडला आहे त्यास पातळ पाणीच सर्वाधिक धोक्याचे असू शकते. प्रेमाने केलेली ही कृती हानिकारक ठरते, आणि तिच्या मुळाशी वैद्यकीय अज्ञानाइतकाच एक वाक्प्रचारही असतो.

४

राहता राहिला नावाचा प्रश्न. प्रचारात तीन नावे आहेत. 'बोटॉक्स' हे एका उत्पादनाचे व्यापारी नाव असून सौंदर्योपचाराशी ते इतके जोडले गेले आहे की गिळण्याच्या विकाराने पीडित माणसास त्याचा प्रस्ताव थट्टेचा वाटावा. 'बोट्युलिनम टॉक्सिन' हे शास्त्रशुद्ध आहे, परंतु इंग्रजी न जाणणाऱ्यास ते काहीच सांगत नाही; म्हणूनच ते निरुपद्रवी वाटते. 'विष' हा शब्द सत्य सांगतो, पण अर्धे.

विषाचे औषध होते ही कल्पना मराठी श्रोत्यास नवी नाही. युक्तीने योजलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि अयोग्य रीतीने दिलेले औषधही विषासमान ठरते, असे चरकसंहितेत स्पष्ट म्हटले आहे. तुंगारेश्वराच्या डोंगरावर शिवदर्शनास जाणाऱ्या वसईकरास हलाहल कंठात धारण करणाऱ्या नीलकंठाची कथा कोणी नव्याने सांगावी लागत नाही. मात्र ह्या कथेचा दृष्टांत समजावणीसाठी वापरणाऱ्याने सावध असावे. नीलकंठाच्या कंठातील विष जागचे हलले नाही. सुईने टोचलेले विष हलू शकते. विषाचा परिणाम टोचलेल्या जागेपासून दूर पसरून गिळण्यास व श्वास घेण्यास अडचण येऊ शकते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २००९ साली अशा सर्व उत्पादनांवर बंधनकारक केला. ज्या व्याधीवर हा उपचार केला जातो तीच व्याधी त्याचा ज्ञात दुष्परिणामही आहे. केर्नरने दोनशे वर्षांपूर्वी विषबाधेचे लक्षण म्हणून नोंदविलेली व्यथा आज त्याच विषाने दूर करण्याचा यत्न चालला आहे. ह्या विरोधाभासावर पांघरूण घालणारे कोणतेही नाव सदोषच मानावे लागेल.

म्हणून येथे एका शब्दाचा शोध सोडून एका वाक्याचा शोध घेणे श्रेयस्कर. आणि त्या वाक्यासाठी लागणारा मुख्य शब्द मराठीत पूर्वीपासून आहे. 'गुण येणे' आणि 'रोग जाणे' ह्या दोन गोष्टी मराठी माणूस कधीच एक समजत नाही. गुण आला म्हणजे त्रास हलका झाला. रोग गेला म्हणजे तो मुळासकट गेला. 'उपचार यशस्वी झाला' ह्या अलीकडच्या वाक्याने हा भेद बुजविला आहे. बोट्युलिनम विषाच्या बाबतीत तो पुन्हा जागा करणे निकडीचे आहे. 'हे विष अत्यल्प मात्रेत अमुक दाराच्या स्नायूत टोचले जाईल. तो स्नायू काही महिने दुर्बळ राहील. त्यामुळे गुण येण्याचा संभव आहे, रोग जाणार नाही. गिळणे अधिक बिघडण्याचाही धोका आहे. गुण ओसरल्यावर पुन्हा विचार करावा लागेल.' ह्या वाक्यात एकही दुर्बोध संज्ञा नाही आणि एकही असत्य नाही.

असे लेखन शास्त्राच्या प्रतिष्ठेस कमीपणा आणते, ही भीती निराधार आहे. अवघड आणि परंपरेने भारलेला ग्रंथ सोप्या मराठीत आणता येतो ह्याचे उदाहरण वसईच्याच मातीत आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या 'सुबोध बायबल' ह्या ग्रंथास २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि पुढे २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०२४ साली ते निवर्तले. सुबोधता ही विद्वत्तेची उणीव नसून तिची परिणती असू शकते, हे त्या ग्रंथाच्या नावातच सूचित झाले आहे. धर्मग्रंथास जे साधते ते संमतिपत्रास साधू नये, असे मानण्यास आधार नाही.

ह्या विवेचनाचा रोख पारिभाषिक संज्ञा टाकून द्याव्यात असा नाही. वैद्याने वैद्याशी बोलताना 'ग्रसनी' व 'ग्रसिका' अवश्य वापराव्यात. तेथे सूक्ष्मता हवी आणि एकरूपताही. परंतु संज्ञा रुग्णापर्यंत जाताना तिच्यासोबत 'वरचे दार' आणि 'खालचे दार' गेले पाहिजे, आणि रुग्णाचे 'छातीत अडकते' हे वाक्य तपासणीच्या कागदावर त्याच्याच शब्दांत उतरले पाहिजे. मराठी विभागांतील संशोधकांस येथे प्रत्यक्ष काम आहे. कादोडी, वाडवळी, आगरी, वारली ह्या बोलींत गिळण्याच्या प्रत्येक अवस्थेस आणि अडथळ्यास कोणते शब्द आहेत, ते बोलणाऱ्यांच्या तोंडून टिपून घेणे आणि वैद्यकाच्या अभ्यासकांसह ताडून पाहणे, हा प्रबंधाचा विषय होण्यास सर्वथा योग्य आहे. अशा शब्दसंग्रहाचे मोल त्यातील नोंदींच्या संख्येवरून ठरणार नाही. एखाद्या वृद्धेने आपल्या बोलीत सांगितलेली तक्रार ऐकून वैद्याने कोणत्या दाराकडे पाहिले, ह्यावरून ते ठरेल.